कॅम निवडायच्या आधी मी पंधरा दिवस नुसता आकडा बघत होतो

गाडी २०१३ ची. रॉयल एनफिल्ड क्लासिक ५००, इंजेक्शनवाली. कोल्हापुरात अशा गाडीवाल्याला लोक दोनच गोष्टी विचारतात, ॲव्हरेज किती देते आणि सायलेन्सर कुठला लावलाय. कॅमचं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या भागाचं, खूळ माझ्या डोक्यात घातलं ते मित्रानं. त्यानं स्वतःच्या ५०० ला कुठूनतरी ‘रेस कॅम’ बसवून आणला होता. रंकाळ्यावर येऊन गाडी स्टँडला लावली आणि बंद न करता आयडलवर सोडून दिली. धड... धडधड... धड. इंजिन लंगडत होतं, आता बंद पडतंय की काय असं वाटायचं, आणि पडत नव्हतं. भेळ खाणारी चार पोरं आपोआप जवळ आली. मला तो आवाज पाहिजे झाला. सगळा खटाटोप तिथूनच सुरू झाला, ‘परफॉर्मन्स’ हा शब्द मी नंतर शोधला, घरी सांगायला.

त्याची गाडी चालवायलाही घेतली. तावडे हॉटेलपासून किणी टोलनाक्यापर्यंत हायवेला मजा आली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या गिअरात ताणली की एका ठिकाणी मागून कुणी ढकलल्यासारखी सुटायची. पण परत गावात शिरलो आणि दसरा चौकात दुसऱ्या गिअरवर गचके खायला लागली. क्लच अर्धा धरूनच चालवायची. मी मनाला सांगितलं, सवय होईल.

उद्यमनगरातल्या माझ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळेच मामा म्हणतात. म्हटलं, “मामा, असला कॅम मला पण टाकायचाय.”

“टाकू की. गाडी किती आरपीएमला चालवतोस?”

क्लासिकला टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दाखवणारा मीटर, नाही. मी म्हटलं, माहीत नाही.

“मग माप न देताच शर्ट शिवायला टाकायलायस व्हय?”

त्यांनी ड्रॉवरमधून काडेपेटीएवढा एक मीटर काढला. त्याची वायर प्लगच्या वायरीला चार वेढे द्यायची, बस, कुठं कापाकापी नाही. पहिल्या दिवशी त्यानं मला वेड्यात काढलं. आयडललाच २१०० दाखवायला लागला. फोर स्ट्रोक इंजिनाचे दोन फेरे झाले की पेट्रोल एकदा जळतं, पण ठिणगी कुठल्या गाडीत दर फेऱ्याला पडते, कुठल्या गाडीत एकाआड एक. मीटरला ते सांगावं लागतं. चुकीचं सांगितलं की आकडा दुप्पट किंवा निम्मा. सेटिंग बदलल्यावर १०५० आला, तेव्हा विश्वास बसला.

पंधरा दिवस मी खिशात छोटी वही घेऊन फिरलो. ऑफिसला जाताना, हायवेला, आणि मुख्य म्हणजे सासुरवाडीला. सासुरवाडी कणकवलीची, रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. जाताना मागे बायको आणि दोन पिशव्या, येताना मागे बायको, दोन पिशव्या आणि नारळ. मे महिन्यात वर आंब्याची पेटी. वहीतले आकडे असे निघाले: टॉपला ८० च्या वेगात ३००० च्या आसपास. चौथ्यात ६० ला २७००. घाट चढताना तिसऱ्यात ४० ला २२५०, आणि तिथंच इंजिन दम सोडायचं, मग दुसरा टाकायचा, पुढच्या वळणावर परत तिसरा. हायवेला जोरात म्हणजे ११०, तेव्हा ४१००. पंधरा दिवसांत ४५०० च्या वर काटा गेला तो दोनदा, दोन्ही वेळा ट्रकला ओव्हरटेक करताना.

वही मामांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि एवढंच म्हणाले, “तुझा मुक्काम दोन ते साडेतीन हजारात हाय. तुझ्या दोस्ताचा कॅम जागा होतोय चार हजाराला.”

आता जरा इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल. ही मोटर ४९९ सीसीची. बोअर ८४ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे लांब स्ट्रोकची, जड फ्लायव्हीलची. कंपनीचे आकडे ५२५० आरपीएमला २७.२ बीएचपी आणि ४००० ला ४१.३ न्यूटन मीटर टॉर्क. ती पाच-साडेपाच हजारांच्या पुढं जायला बनलेलीच नाही. ५५०० ला पिस्टन सेकंदाला सरासरी साडेसोळा मीटर धावत असतो, आणि कनेक्टिंग रॉडला ते आवडत नाही.

कॅमचं काम व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा हे ठरवणं. लोक विचारतात लिफ्ट किती, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलतो. मीही तेच विचारत होतो. पण गाडीचा स्वभाव सगळ्यात जास्त ठरतो तो इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा, मिटतो कधी यावर. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी इनटेक थोडा वेळ उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते, म्हणून उशिरा मिटलेला बरा. पण २२५० ला तो वेग नसतो. तिथं उशीर केला की आत आलेलं मिश्रण पिस्टनच परत बाहेर ढकलतो. पुस्तकात कॉम्प्रेशन ८.५ ला १ लिहिलेलं असतं ते पिस्टन तळाशी असल्यापासून मोजलेलं. खरी दाबादाबी व्हॉल्व्ह मिटल्यावर सुरू होते. म्हणजे मित्राचा कॅम माझ्या घाटातल्या गाडीचं कॉम्प्रेशनच कमी करणार होता, आणि मी त्यासाठी पैसे मोजणार होतो.

आणि तो लाडका आवाज? तो ओव्हरलॅपचा. एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, अजून मिटला नाही आणि इनटेक उघडला, अशी दोन्ही दारं उघडी असायची वेळ वाढवली की आयडलला जळका धूर उलटा इनटेकमध्ये शिरतो. एखादा पेट नीट होतो, पुढचा फसतो. लंगडतं ते त्यामुळं. वर इंजेक्शनच्या गाडीत मॅनिफोल्डमधली ओढ डळमळते आणि ईसीयूचा, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचा, हिशेब चुकतो. पीयूसीवाला तपासतो आयडललाच, आणि न जळलेलं पेट्रोल नेमकं तिथंच बाहेर पडतं. मित्र पीयूसीच्या आदल्या दिवशी कुणाकडे जातो ते मी लिहीत नाही.

पहिला विचार होता असलेलाच कॅम घासून घ्यायचा. उद्यमनगरात ग्राइंडिंगवाल्यांना काय तोटा. पण घासून लिफ्ट वाढवायची म्हणजे लोबचं, म्हणजे कॅमच्या फुगवट्याचं, टोक तेवढंच ठेवून खालचा गोल लहान करायचा. वरचा कडक केलेला थर पातळ होतो, आणि आमच्या इंजिनात आणखी एक भानगड आहे. एक्झॉस्ट कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेसर बसलेला असतो. स्टार्ट करताना त्याची पिन त्या गोलाच्या किंचित वर येते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलते आणि किक हलकी करते. गोल लहान झाला की पिनेचा हिशेब बिघडला. आणि डीकॉम्प्रेसर नसलेला कॅम टाकला तर उलटा झटका सेल्फच्या स्प्रॅग क्लचवर, म्हणजे सेल्फची मोटर एकाच दिशेनं इंजिनाला जोडणाऱ्या भागावर, बसतो. ५०० वाल्यांना स्प्रॅग क्लच म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, बिलं जपून ठेवलेली असतात.

म्हणून तयार जोडी मागवली. जोडी अशासाठी की या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टला वेगवेगळे कॅम आहेत. आली ती इंग्लंडहून. सोलापुरात कॅमशाफ्ट ओतून परदेशी मोटारींना पुरवणारा मोठा कारखाना आहे, आणि कोल्हापूरच्या बुलेटवाल्यानं विलायतेवरून कॅम मागवायचा, कस्टम ड्यूटी भरून.

निवडताना कॅटलॉगनी चांगलाच घोळ घातला. एकात ड्यूरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहायचा काळ, २८० अंश, दुसऱ्यात २३६. मी समजलो दुसरा सौम्य. दोन रात्री तक्ते करत बसलो आणि मग बारीक अक्षरं दिसली: पहिल्यानं व्हॉल्व्ह हलायला लागल्यापासून मोजलं होतं, दुसऱ्यानं १.२७ मिमी उचलल्यापासून. दोन्ही कॅम जवळजवळ सारखेच असू शकतात. मग मी ज्याच्या तक्त्यात इनटेक मिटायचा अंश आणि तो कुठल्या लिफ्टला मोजला हे दोन्ही दिलंय, तेवढेच कागद बाजूला काढले. शेवटी घेतला तो यादीतला सगळ्यात मवाळ. लिफ्ट मूळपेक्षा थोडी जास्त, इनटेक मिटायची वेळ जवळपास तीच, ओव्हरलॅप नावाला वाढलेला.

बसवायला शनिवार-रविवार धरला होता, लागले दोन आठवडे. चूक माझीच. लिफ्ट वाढली की व्हॉल्व्ह पिस्टनला भेटत नाही ना हे बघावं लागतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं व्हॉल्व्हवालं झाकण, उतरवलं, मुलीच्या शाळेतली निळी क्ले पिस्टनवर थापली, वर तेल फासलं, हेड परत बसवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं. हेड काढून क्ले ब्लेडनं उभी कापली, व्हर्नियर लावला. भरपूर जागा. मी खूश. मामा आले, क्लेकडे बघितलं, मग टॅपेटकडे, म्हणजे कॅमवर बसून व्हॉल्व्हकडे धक्का पाठवणाऱ्या भागाकडे.

“टॅपेट कुठला हुता आत?”

“आपलाच. हायड्रॉलिक.”

“तेल हुतं त्यात?”

नव्हतं. हायड्रॉलिक टॅपेट आतल्या तेलावर ताठ राहतो. रिकामा टॅपेट स्प्रिंगच्या दाबानं आत बसला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाच नाही, आणि मला दिसलेली जागा खोटी होती. मामांनी जुना टॅपेट खोलला, पोटात लेथवर कातलेला तुकडा घालून प्लंजर जाम केला आणि तोच आत टाकून सगळं पुन्हा करायला लावलं. या वेळी इनटेकच्या खाली क्ले २.१ मिमी उरली. चालण्यासारखी. पण मी आधीच्याच आकड्यावर हेड आवळून टाकलं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

बाकीचं काम सरळ. टायमिंग कव्हरच्या आत गिअरवरचे ठिपके समोरासमोर आणायचे, टॅपेट रात्रभर तेलात बुडवून ठेवायचे, लोबला असेंब्ली पेस्ट. चालू केल्यावर पहिलं मिनिटभर टकटक आली, तेल चढलं तशी थांबली. आणखी एक, कायद्याचं. आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच शोधत असते. सीसी आणि इंजिन नंबर तेच राहिले म्हणून मी निवांत आहे असं नाही. मूळ कॅम तेलकट कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत.

फरक किती? टॉप स्पीड मोजायला मी गेलोच नाही. कणकवलीहून परतताना फोंडा घाटात तेच वळण, तोच तिसरा गिअर, मीटरवर २२५०. दम सोडायच्या जागी गाडी ओढत राहिली, २१०० पर्यंत उतरली आणि तिथून परत चढली. दुसरा टाकावा लागला नाही. सगळा घाट मिळून गिअर पाच-सहा वेळा कमी बदलला असेन. मागून बायको म्हणाली, “आज गचके कमी मारलेस.” तिला कॅमचं तोवर नीट सांगितलं नव्हतं, पैशांचं अजूनही सांगितलेलं नाही.

रंकाळ्यावर मित्रानं गाडी चालू करून कान लावला. आयडल एकसारखं, कंपनीतून आल्यागत.

“कॅम टाकलास म्हणतोस, मग आवाज कुठाय?”

म्हटलं, नाही. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, मुलगी सावंतवाडीची, रस्ता आंबोली घाटाचा. काल संध्याकाळी घरी आला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता तो मीटर मागून घेऊन गेला.