मिसळीच्या टेबलावर उमटलेला शिलालेख

पांडवलेण्यांच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्याचे छायाचित्र माझ्या संगणकावरील नकाशात गंगापूर रोडवरच्या एका मिसळीच्या हॉटेलात उमटले होते. त्याच वेळी काळाराम मंदिराची सगळी छायाचित्रे पंचवटीतील मामांच्या दारासमोर एकावर एक रचल्यासारखी दिसत होती, आणि भल्या पहाटे गोदाघाटावर टिपलेल्या चित्रांना तर नकाशावर जागाच मिळाली नव्हती. श्रावण संपता संपता नाशिकला तीन दिवसांसाठी गेलो होतो आणि पहिल्याच रात्री हे संकट समोर उभे राहिले.

माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. म्हणून प्रवासात खिशातल्या फोनवर मार्ग नोंदवणारे ॲप चालू ठेवायचे, रात्री त्याची जीपीएक्स फाइल संगणकावर घ्यायची आणि प्रत्येक छायाचित्राच्या वेळेशी ती ताडून अक्षांश-रेखांश चित्राच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फाइलमध्ये चित्रासोबत साठवलेल्या नोंदींत, लिहायचे, अशी माझी पद्धत आहे. हे काम मी फिल हार्वी यांनी २००३ पासून जोपासलेल्या एक्झिफटूल या मोफत प्रोग्रामकडून करून घेतो. चित्राला तो हात लावत नाही, फक्त त्यासोबतची माहिती बदलतो आणि मूळ फाइलची प्रतही शेजारी राखून ठेवतो, त्यामुळे चूक झाली तरी जीव टांगणीला लागत नाही. मात्र या सगळ्या व्यवहारात प्रोग्रामला जागेची स्वतःची अशी काहीच जाण नसते. अमुक वाजता चित्र निघाले, अमुक वाजता फोन अमुक ठिकाणी होता, एवढ्यावरच तो विसंबतो. म्हणजे सारी भिस्त कॅमेऱ्याच्या घड्याळावर, आणि ते घड्याळच खोटे बोलत होते.

त्या दिवशी सव्वासहाला मामांच्या दारातच मी ट्रॅक सुरू केला होता. गंगापूर धरणातून विसर्ग चालू असल्याने गोदावरी चांगलीच फुगलेली होती. पुराची उंची सांगताना नाशिककर मीटरचा आकडा क्वचितच सांगतात, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागले एवढेच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला तेवढ्यात सगळे समजते. त्या पहाटे ते त्याच्या गुडघ्यांशी होते. रामकुंडाचा परिसर, नारोशंकराचे मंदिर आणि त्याची ती सुप्रसिद्ध घंटा अशी चित्रे टिपत मी सव्वासातपर्यंत घाटावर रेंगाळलो. पुढे अर्धा तास काळाराम मंदिराच्या आवारात गेला. काळ्या पाषाणातील ते शिखर ओल्या उजेडात पाहताना, १९३० च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह याच दारांपुढे सुरू झाला होता याची आठवण होणे अपरिहार्य असते. नंतर सीतागुंफा, दहाच्या सुमारास मिसळ आणि साडेअकराला पांडवलेण्यांच्या पायऱ्या, असा तो दिवस गेला.

रात्री प्रथम मला शंका आली ती जीपीएक्स फाइलचीच, कारण ती उघडून पाहिली तेव्हा साडेसहाच्या जागी पहाटेचा एक वाजलेला दिसला. पण ती चूक नव्हती. जीपीएक्समधील वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि आपली प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे आपले साडेसहा म्हणजे तिथला एक. संगणकाचे घड्याळ भारतीय वेळेवर असले की प्रोग्राम हा हिशेब स्वतःच करतो. मग उरला कॅमेरा. फोनवर सेकंद दाखवणारे घड्याळ उघडले, त्याचे कॅमेऱ्याने छायाचित्र काढले आणि चित्रात दिसणारी वेळ व चित्राच्या माहितीतील वेळ शेजारी ठेवली. फोन दाखवत होता रात्रीचे १०:१५:२०, तर कॅमेऱ्याच्या मते ८:४१:१० झाले होते. फरक एक तास चौतीस मिनिटे दहा सेकंदांचा! मार्चमध्ये मेहुणे हा कॅमेरा दुबईला घेऊन गेले होते आणि तेथील वेळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे असते, हे आठवल्यावर कोड्याचा मोठा भाग सुटला. उरलेली चार मिनिटे हा कॅमेऱ्याच्या घड्याळाचा स्वतःचा आळस. अशी घड्याळे महिन्याकाठी काही सेकंद मागेपुढे होतच असतात आणि ती वर्षानुवर्षे कोणी लावत नाही.

आता प्रत्येक चुकीचा अर्थ लागला, आणि खरे सांगायचे तर त्यात मला गुन्ह्याचा उलगडा झाल्याचा आनंद मिळाला. अकरा-चाळीसला टिपलेला शिलालेख कॅमेऱ्याच्या लेखी दहा-सहाचा होता आणि त्या क्षणी माझा फोन रश्शाच्या वाटीशेजारी होता. घाटावरची चित्रे ट्रॅक सुरू होण्याच्या बऱ्याच आधीची ठरली, म्हणून ती बेवारस राहिली. एक्झिफटूल ट्रॅकच्या टोकापलीकडे अर्ध्या तासापर्यंतच मुभा देतो आणि तेवढ्या अवधीतील चित्रांना ट्रॅकचे पहिलेच ठिकाण बहाल करतो. काळारामाची चित्रे नेमकी त्या अर्ध्या तासात सापडली आणि मामांच्या दारात जाऊन बसली. वेळेतील फरक प्रोग्रामला सांगून तीच आज्ञा पुन्हा दिली, तेव्हा सगळी चित्रे आपापल्या जागी परतली. बेवारस चित्रांपेक्षा मला त्या मिसळीवाल्या शिलालेखाची अधिक धास्ती वाटते. जागा नसलेले चित्र निदान आपली उणीव उघड करते, चुकीच्या जागी ठामपणे बसलेले चित्र मात्र दहा वर्षांनी कोणी तपासायला जात नाही.

घड्याळ दुरुस्त झाल्यावरही लेण्यांतील ट्रॅक कोळ्याच्या जाळ्यासारखाच राहिला. आकाश मोकळे असेल तर फोनचे जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असते. डोंगरात कोरलेल्या विहारात शिरले की उपग्रहांचा संकेत तुटतो, आणि कड्यावर आदळून आलेल्या संकेतांमुळे बाहेरच्या बाजूलाही ठिकाण इकडेतिकडे उड्या मारते. पंचवटीच्या अरुंद गल्ल्यांत वाड्यांच्या भिंतींमुळे तोच प्रकार, जरा सौम्य स्वरूपात, घडला होता. तरीही प्रोग्रामने अक्षांश मोठ्या आत्मविश्वासाने दशांशचिन्हापुढे आठ अंकांपर्यंत लिहिले. पाचव्या अंकालाच गोष्ट एका मीटरवर येते, म्हणजे पुढचे तीन अंक निव्वळ शोभेचे. ओळीने असलेल्या २४ लेण्यांपैकी हे चित्र कोणत्या लेण्यातले, ते असल्या आकड्यांवरून खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून मी प्रत्येक चित्राच्या मथळ्यात लेण्याचा क्रमांक हाताने लिहिला. क्षत्रप राजा नहपानाच्या काळातील दहावे लेणे आणि गौतमी बलश्रीचे तिसरे यांची गल्लत होण्यापेक्षा अर्ध्या तासाचे टंकलेखन परवडले.

दुसऱ्या दिवशी अंजनेरीवर गेलो. दुपारी क्षणभर ढग फाटले आणि पलीकडे ब्रह्मगिरी दिसला. ते चित्र अर्थातच नकाशावर अंजनेरीवर पडते, कारण नोंद होते ती कॅमेरा उभा असलेल्या जागेची, समोरच्या दृश्याची नव्हे. एक्झिफमध्ये दृश्याचे ठिकाण आणि कॅमेऱ्याची दिशा लिहिण्यासाठी वेगळे रकाने आहेत, पण ते भरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मीही ‘अंजनेरीवरून ब्रह्मगिरी’ असा मथळा दिला आणि पुढे चाललो.

वाटेत एका उतारावर कंदीलपुष्पाची एक नाजूक वनस्पती फुललेली दिसली. याच डोंगराचे नाव मिरवणाऱ्या सिरोपेजिया अंजनेरिका या दुर्मिळ जातीचे वर्णन शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केले. मला दिसलेले फूल तीच जात होती की तिचे एखादे भावंड, हे ओळखण्याइतका मी जाणकार नाही. पण जिथे मूठभर रोपे उरली आहेत तिथल्या एका चित्राने कोणाला थेट त्या मुळापाशी पोहोचवणे मला मान्य नव्हते. त्या चित्रांच्या दोन प्रती केल्या. एक घरच्या संग्रहासाठी ठिकाणासह, आणि दुसरी मित्रांसाठी, ठिकाण पूर्ण पुसून. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी पलीकडे जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

मामांनी हे ऐकले आणि शांतपणे विचारले, “अरे, त्या फुलाचा पत्ता लपवलास ते ठीक, पण माझ्या घराचे काय? तुझा तो ट्रॅक माझ्याच दारातून निघतो ना?” त्यांचे म्हणणे रास्त होते. तीनही ट्रॅकची सुरुवात आणि शेवट मी कापून टाकला, आणि घरात काढलेल्या चित्रांवरून ठिकाण काढले.

त्यानंतर मामांनी आपला डबा उघडला. त्यात २००३ च्या सिंहस्थात त्यांनी फिल्मच्या कॅमेऱ्याने काढलेली चित्रे होती. ट्रॅक नाही, वेळ नाही, आणि स्कॅन केल्यावर संगणकाने त्यांना तारीखही स्कॅनच्या दिवसाचीच दिली. तारखेत २००३ हाताने घातले, आणि जागांसाठी नकाशा उघडून एकेक चित्र अंदाजाने ठेवत गेलो. एका चित्रावर मात्र आमचे जमेना. मी म्हणत होतो की हे रामकुंडाच्या वरच्या अंगाचे, मामा म्हणत होते की दुतोंड्या मारुतीच्या समोरचे.

निघायच्या दिवशी पहाटे आम्ही ते चित्र हातात घेऊन घाटावर गेलो. मामांनी मागच्या मंदिराच्या शिखराशी चित्र जुळवून पाहिले, थोडे डावीकडे सरकले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “इथेच, पण अजून तीन पायऱ्या खाली.” त्या तीनही पायऱ्या पाण्याखाली होत्या. मी फोन शेवटच्या कोरड्या पायरीवर धरून ठिकाण नोंदवले. तेवढी चूक फोनचीही असतेच, असे मी म्हणालो. मामांनी मात्र मथळ्यात ‘तीन पायऱ्या खाली’ असे लिहायला लावले.