तुम्ही विचारलंत म्हणून: अजून ओएस/२ कशाला?

ओएस/२ म्हणजे आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि हा प्रश्न मला सगळीकडे येतो: लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, परवा तर राम मारुती रोडवर चहा पिताना. "अरे, आयबीएमनेच २००६ च्या डिसेंबरात सपोर्ट बंद केला, तू कोणासाठी त्यावर जीसीसी पोर्ट करतोयस?" (जीसीसी म्हणजे कंपायलर, लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बांधून देतो; पोर्ट करणं म्हणजे तो या सिस्टीमवर चालेल असा करणं.) मी ठरलेलं उत्तर देतो, रबाळे एमआयडीसीत एका कारखान्यातलं मशीन ओएस/२ वर चालतं, त्यांना लागतं. खरंच होतं ते. फक्त ते मशीन भंगारात जाऊन सात वर्षं झाली आणि उत्तर तेच राहिलं.

कोणीच वापरत नाही हे मात्र चूक आहे हं, २०१७ मध्ये आर्काओएस आली ती त्याचीच पुढची आवृत्ती, लोक पैसे देऊन घेतात. असो.

घरच्यांना खरं विचारायचं असतं ते गडकरीचं. मुलगी सातवीत, ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात गॅदरिंग, नाचात पुढच्या रांगेत ती. आणि मी अकरा दिवस एका क्रॅशमागे. जीसीसी स्वतःलाच तीनदा बांधतं, जुना कंपायलर पहिला टप्पा बांधतो, पहिला दुसरा, दुसरा तिसरा, शेवटचे दोन सारखे निघाले की पास. माझा पहिला झकास. दुसरा चालवला की एसवायएस३१७५, म्हणजे नको त्या मेमरीला हात. कुठे ते बघायला प्रिंटएफ, म्हणजे स्क्रीनवर काही छापणारी ओळ, टाकावा तर क्रॅश गायब, काढला की हजर! रॅम बदलली, मधे लाईट जाऊन चार तासांचा बिल्ड पाण्यात गेला. त्या संध्याकाळी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, एवढं संपलं की आलोच, नौपाड्यातून गडकरी म्हणजे काय लांब आहे.

सव्वाआठला सापडलं. ओएस/२ मध्ये स्टॅक, म्हणजे फंक्शनला कामापुरती लागणारी मेमरी, सगळा एकदम मिळत नाही, खाली ४ केबीचं गार्ड पेज, म्हणजे मेमरीचं पहाऱ्यावरचं पान, असतं, त्याला हात लागला की सिस्टीम ते पान देते आणि पहारा एक पान खाली सरकवते. फंक्शनमध्ये १२ केबीचा ॲरे, म्हणजे डेटाची सलग रांग, असला की कोड पहारेकऱ्याच्या डोक्यावरून उडी मारतो आणि मरतो. म्हणून कंपायलरने प्रत्येक पानाला टिचकी मारत खाली उतरायचं असतं. जुन्या कंपायलरला ते येत होतं म्हणून पहिला टप्पा ठणठणीत, पहिल्याने बांधलेला दुसरा बिनटिचकीचा. प्रिंटएफ आपणहून खाली जाऊन पानं उघडून येत होता, म्हणून क्रॅश दिसेना.

दुरुस्ती सात ओळींची. त्या सात ओळी आधी होत्याच, नव्या व्हर्जनवर येताना मीच उडवलेल्या, कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, लिहिलेलं, 'जुना कचरा साफ'. त्या माणसाला आज धरून विचारावंसं वाटतं, तुला कळत नाही ते कचरा का? तो म्हणेल, मग तू गडकरीला का नाही गेलास, मशीन तर तेव्हाही भंगारातच होतं. बरोबर आहे त्याचं. पण बिल्ड बंद करून गेलो असतो तर नाच बघितला असता का मी, हेही मला छातीठोक सांगता येत नाही.

साडेनऊला दोघी आल्या. मुलगी मेकअपमध्येच, म्हणाली, "सापडलं का तुझं?" मी हो म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, खूष होतो. बायको काही बोलली नाही, अजून त्यावर बोलत नाही.

मुलगी आता इंजिनिअरिंगला, सगळं लिनक्सवर. गेल्या महिन्यात म्हणाली, "बाबा, पण स्टॅक आपोआप वाढतो ना?" मी अर्धा तास बोललो. मोबाईल तिच्या हातातच होता.