उशुआयाहून बोटीत चढायचा दिवस : माझा अनुभव

अंटार्क्टिकाला जाऊन आलो म्हटल्यावर सगळे पेंग्विनबद्दलच विचारतात, तर पेंग्विनचे नवऱ्याकडे हजारभर फोटो आहेत, ते त्याच्याकडून बघा आणि सोबत कॉमेंट्री पण ऐका. मला सांगायचंय ते फक्त बोटीत चढायच्या दिवसाबद्दल, कारण आमच्या टूरवाल्याने दिलेल्या कागदावर त्या दिवसासमोर एवढंच लिहिलं होतं की दुपारी बोटीवर आगमन, संध्याकाळी प्रस्थान. बास. हा एका ओळीचा दिवस सकाळी साडेसातला सुरू झाला आणि रात्री बारा वाजले तरी संपेना.

आधी गाव. उशुआया हे अर्जेंटिनाच्या अगदी शेंड्याला, तिएरा देल फुएगो बेटावर, बीगल चॅनलच्या काठी आहे (तिथले लोक उस्वाया म्हणतात, आम्ही तीन दिवस उशुआया उशुआया करत होतो आणि ते हसत होते). अंटार्क्टिकाच्या बहुतेक छोट्या बोटी इथूनच सुटतात, कारण इथून अंटार्क्टिक पेनिन्सुला, म्हणजे अंटार्क्टिकाचा पुढे आलेला भाग, साधारण हजार किलोमीटर, बाकी बहुतेक ठिकाणांहून याहून लांब. आता ब्युनोस आयरेसहून इथे यायला विमान साडेतीन तासांचं, पण भारतातून येणारं विमान बहुतेक वेळा शहराबाहेरच्या एझेइझा विमानतळावर उतरतं आणि उशुआयाची बरीचशी विमानं शहरातल्या आएरोपार्के नावाच्या दुसऱ्याच विमानतळावरून उडतात, मधे अख्खं शहर. शिवाय डोमेस्टिकला बॅगेचं वजन कमी चालतं, तिकिटावर नीट बघा, आम्ही काउंटरवर जास्तीचे पैसे भरले आणि नवऱ्याने वर अंगात तीन स्वेटर घातले. पण एक शहाणपणा केला, दोन रात्री आधी पोचलो. हॉटेलात नाश्त्याला एक बाई भेटली तिची बॅग कुठेतरी मागेच राहिलेली, आणि बोट काही बॅगेसाठी थांबत नाही. बिचारी भाड्याच्या दुकानातून पँट, ग्लोव्हज सगळं घेऊन आली. अशी दुकानं तिथे आहेत हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं.

तर तो दिवस. बोट कंपनीने बॅगेचे टॅग आधीच पाठवले होते, त्यावर नाव आणि केबिन नंबर. सकाळी नऊच्या आत बॅगा टॅग लावून हॉटेलच्या लॉबीत ठेवायच्या, त्या परस्पर बोटीवर जातात आणि थेट केबिनच्या दाराशी भेटतात. ऐकायला किती छान. आम्ही आठलाच ठेवल्या, सव्वानऊला माणूस येऊन घेऊन गेला, आणि मी खोलीत येऊन हँडबॅग उघडली तर अवोमिनची पाकिटं त्यात नाहीत. ती मोठ्या बॅगेत. मी म्हणजे लहानपणी एसटीत कसारा घाट लागायच्या आधी आईच्या मांडीवर आडवी होणारी, मला गाडी लागते, झोका लागतो, सिनेमात बोट दिसली तरी कसंतरी होतं, आणि पुढे ड्रेक पॅसेज, जगातल्या सगळ्यात खवळलेल्या पाण्यांपैकी एक, आणि गोळ्या बॅगेत! नवरा म्हणाला संध्याकाळी मिळेल की बॅग. पण ही गोळी आधी पोटात जायला लागते, बोट हलायला लागल्यावर घेऊन काय उपयोग.

मग सान मार्तिन नावाचा तिथला मेन बाजाररस्ता आहे तिथे फार्मसी शोधली, हिरव्या क्रॉसची पाटी. काउंटरवरच्या मुलीला इंग्लिश नाही, मला स्पॅनिश नाही, फोनचं ट्रान्सलेटर नेमकं गोलगोल फिरत बसलं. शेवटी मी दोन्ही हातांनी लाटा करून दाखवल्या आणि मग तोंडावर हात ठेवून पुढचं पण करून दाखवलं. मागे लाइनीत उभा असलेला एक आजोबा मोठ्याने हसला. मुलगी म्हणाली, "बार्को?" मी म्हटलं सी सी, बार्को! त्यावर ती एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आह. द्रेके." आणि एक नाही, दोन पाकिटं काढून ठेवली. (औषध आपापल्या डॉक्टरला विचारूनच घ्या, मला या गोळ्यांनी प्रचंड झोप येते.) तर त्या दिवसाची हँडबॅग म्हणजे रात्रीपर्यंत लागेल ते सगळं त्यात पाहिजे, गोळ्या, रोजची औषधं, पासपोर्ट, विम्याचे कागद, चष्मा, चार्जर, एक गरम कपडा. इन्शुरन्समधे तिथून उचलून आणायचा खर्च, इव्हॅक्युएशन म्हणतात ते, आहे ना हे घरूनच बघून निघा, आमच्या कंपनीने त्याशिवाय घेतलंच नसतं. मेडिकल फॉर्म पण आधी भरून घेतात, आमच्या नाशिकच्या डॉक्टरांनी सही करता करता दोनदा विचारलं, नक्की कुठे चाललाय?

हॉटेल दहाला सोडलं, बोटीत तीनच्या आधी घेत नाहीत, मधले पाच तास अक्षरशः रस्त्यावर. याची तयारी ठेवा. आम्ही जुन्या तुरुंगाचं म्युझियम बघितलं, तो तिथला अंदमान समजा, सराईत कैद्यांना जगाच्या टोकाला आणून टाकायचे, आणि तुरुंग बांधून घेतला तो पण कैद्यांकडूनच. १९४७ मधे बंद झाला. एका भागात काहीच दुरुस्ती केलेली नाही, तसाच थंडगार ठेवलाय, तिथे दोन मिनिटं उभं राहिल्यावर जानेवारीतला त्यांचा उन्हाळा पण उन्हाळा वाटेना.

तीन वाजता सांगितलेल्या जागी जमलो, बस आली, बस पाच मिनिटंसुद्धा चालली नाही. गेटवर हँडबॅगा एक्स-रे मधून गेल्या आणि बस धक्क्यावर. धक्क्याच्या एका बाजूला भलीमोठी पांढरी क्रूझ उभी होती, सोसायटीच्या बिल्डिंगीएवढी, नवरा खूश होऊन बॅगपॅक सावरायला लागला आणि बस तिच्या बाजूने सरळ पुढे निघून गेली. तिच्या मागे आमची. व्होल्वोच्या मागे वडाप उभी असावी तशी. नवरा म्हणाला, "ही?" आणि मग पाच मिनिटं गप्प.

पण छोटी बोट घेण्याचं कारण आहे, आणि मी ते घरी चार वेळा सांगितलं होतं. तिथल्या टूर कंपन्यांची आयाटो म्हणून १९९१ पासूनची संघटना आहे, तिच्या नियमाने एका जागी एका वेळी शंभरच प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकतात, आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या बोटीने तर कोणाला उतरवायचंच नाही, डेकवरूनच बघायचं. आमच्या बोटीत आम्ही शंभराच्या आसपास, म्हणजे पाळ्यांची भानगड जवळपास नाहीच. ते सगळं खरं, पण धक्क्यावर उभं राहून तिच्याकडे बघताना माझ्यापण पोटात थोडं गोळा आला हे कबूल करते.

शिडी चढून आत गेल्यावर हाताला सॅनिटायझर, मग फोटो, मग गळ्यात घालायचं कार्ड. पुढे प्रत्येक वेळी बोटीतून उतरताना आणि चढताना हे कार्ड टेकवायचं म्हणजे कोण आत कोण बाहेर त्यांना कळतं. बोटीवरच्या खर्चासाठी क्रेडिट कार्ड तिथेच रजिस्टर करून घेतात, त्याची इंटरनॅशनल मर्यादा घरूनच चालू करून निघा, आमच्या पुढच्या माणसाचं कार्ड चाललं नाही आणि लाइन तिथेच अडकली. आणि मग काउंटरवरच्या मुलीने हात पुढे केला, पासपोर्ट प्लीज. दिले. तिने ते एका ट्रेमधे टाकले आणि म्हणाली थँक्यू, नेक्स्ट. म्हणजे परत नाही! बंदराच्या कागदपत्रांसाठी पासपोर्ट बोटीकडेच राहतात आणि शेवटी मिळतात, हे कोणीच सांगितलं नव्हतं. माझा नवरा परदेशात आंघोळीला जातानाही पासपोर्ट बाथरूमच्या खिळ्याला अडकवतो. तो म्हणाला पावती? ती म्हणाली कसली पावती? शेवटी त्याने ट्रेचा फोटो काढला, वर आमचे दोन निळे पासपोर्ट दिसतील असा. मागचे लोक बघत होते. सकाळी बॅग गेली, आता पासपोर्ट गेला, आणि तो मला हळूच म्हणाला आता फक्त आपण दोघं राहिलो.

केबिनच्या दाराशी बॅगा खरंच उभ्या होत्या. केबिन लहान, दोन पलंग, मधे टेबल, एक गोल खिडकी. पण सगळ्या वस्तूंना काहीतरी अडकवण आहे, ड्रॉवरला खटका, कपाटाला खटका, खुर्चीला साखळी, टेबलाला कडेने उंच काठ, बाथरूमचा उंबरठा वीतभर वर. माझा अंगठा पहिल्याच फेरीत ठेचला. सामान लावत होतो तर दारावर टकटक, चहा-कॉफी वर सुरू आहे सांगायला एक मुलगा आला होता, माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव वाचून एकदम म्हणाला, "तुमी खंयचे?" गोव्याचा निघाला! मडगावजवळचा. मी मराठीत आणि तो कोंकणीत असे आम्ही दारातच दहा मिनिटं बोललो. मी म्हटलं भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम पण गोव्यातूनच निघाली होती, १९८१ मधे, त्याला माहीत होतं, वास्कोच्या पोलर सेंटरला शाळेत असताना सहल गेलेली. जाता जाता त्याने जे सांगितलं ते आख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात कामाचा सल्ला, दार उघडताना हँडलच धरायचं, चौकटीत बोटं ठेवायची नाहीत, बोट कलली की दार आपोआप आपटतं आणि दरवर्षी कोणाचं तरी बोट जातं. चालताना एक हात कायम कठड्याला.

मग मस्टर, म्हणजे बोटीवर संकट आलं तर काय करायचं त्याची ड्रिल. मस्टर म्हटल्यावर मला आमच्या जिल्हा परिषदेतलं हजेरीचं मस्टर आठवलं आणि गंमत म्हणजे होतं पण तेच. आधी सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा ऐकला की केबिनमधलं लाइफ जॅकेट आणि गरम कपडे घेऊन ठरलेल्या हॉलमधे जायचं, लिफ्ट वापरायची नाही, आणि तिथे केबिन नंबराने हजेरी. कोणाला सुट्टी नाही. पूर्वी हे सुटल्यानंतर चोवीस तासांत कधीतरी करायचे, पण जानेवारी २०१२ मधे इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा त्यातल्या शेकडो नव्या प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम बदलला, आता सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या करायलाच लागते. आमच्या हजेरीत एक केबिन येईना. सगळे जॅकेट घालून उकडत उभे, वीस मिनिटांनी एक काका आले, त्यांनी कानातलं मशीन काढून झोप काढली होती. कोणी रागावलं नाही, फक्त पुन्हा पहिल्यापासून हजेरी घेतली! मग रांगेने बाहेर जाऊन नारिंगी लाइफबोटी दाखवल्या, बंद कॅप्सूलसारख्या. आत किती माणसं बसतात ते लिहिलं होतं, ते मी वाचलं आणि विसरायचं ठरवलं.

बोट सहाच्या सुमारास सुटली. ना बँड ना काही, दोर सोडले आणि गाव हळूच मागे सरकायला लागलं, मागे बर्फाचे डोंगर, बंदरात ती सेंट ख्रिस्तोफर नावाची गंजलेली जुनी बोट रुतून बसलेली. जानेवारीत तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे लाल-पांढरं दीपगृह, खडकांवरचे पक्षी सगळं डेकवरून दिसलं. या वेळी डेकवरच राहा, बॅगा नंतर लागतील. डावीकडे अर्जेंटिना, उजवीकडे चिली, फोनने मधेच चिलीचं नेटवर्क पकडलं आणि मुलीला शेवटचा मेसेज गेला, पोचल्यावर बोलू. कुठे पोचल्यावर ते लिहिलंच नाही, ती दोन दिवस डोकं खाजवत होती. बोटीवर वायफाय होतं पण पैसे देऊन, आणि आम्ही घेतलं नाही.

जेवणाआधी सगळ्यांना जाकिटं वाटली, बूट पण मापून घेतले. हे रबरी गमबूट बोटीचेच असतात, दोन जोड मोजे घालून मापायचे. माझ्या पायाचं माप चार, त्यांचा सगळ्यात छोटा बूट मला ढगळ, शेवटी मुलांच्या मापाचा एक जोड कुठूनतरी निघाला. वॉटरप्रूफ पँट मात्र आपली आपण न्यायची असते, तेवढं विसरू नका. कपड्यांची व्हॅक्युमने साफसफाई वगैरे, वेल्क्रोत गवताचं बी अडकलंय का बघतात ते, दुसऱ्या दिवशी होतं.

जेवण भारी होतं, शाकाहारी आधी कळवलेलं त्यामुळे डाळसदृश काहीतरी पण आलं. मी अर्धंच जेवले आणि गोळी घेतली. कारण जेवताना एकाने सांगितलं की चॅनलमधे आहोत तोवर डोंगरांचा आडोसा आहे, पायलट उतरला की समजा उघडा समुद्र. बीगल चॅनलमधून बोट काढून द्यायला पायलट बोटीवर असतो, मध्यरात्रीच्या सुमारास तो चालत्या बोटीवरून शिडीने खालच्या लहान बोटीत उतरतो आणि परत जातो. नवरा ते बघायला थांबला. मी खोलीत आले, आणि येताना बघितलं तर कॉरिडॉरच्या कठड्यांमधे, दर चार पावलांवर, कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या. संध्याकाळी नव्हत्या. कोणी कधी लावल्या कळलं नाही, घड्या एकदम नीट, लग्नात पत्रावळींशेजारी नॅपकिन लावतात तशा.

मी चष्मा, फोन, पाण्याची बाटली सगळं गोव्याच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे जमिनीवर काढून ठेवलं. चिवड्याचा डबा तेवढा टेबलावर राहिला. दिवा मालवून पडले, झोप लागतेय न लागतेय तोच डबा टेबलाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सर्रकन गेला, क्षणभर थांबला, आणि परत आला.