टेरियरची छाती हातात घेताना

जॅक रसेल टेरियरच्या एफसीआय स्टँडर्डमध्ये (आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने ठरवलेल्या जातीच्या आदर्श वर्णनात) एक आकडा आहे, ज्याच्यावरून बहुतेकांची नजर नुसती फिरते: कोपरांमागे छातीचा घेर 40 ते 43 सेंमी. उंची 25 ते 30 सेंमी आणि दर 5 सेंमी उंचीमागे 1 किलो वजन, म्हणजे 25 सेंमीचा कुत्रा साधारण 5 किलोचा आणि 30 सेंमीचा 6 किलोचा. हे आकडे कामातून आले आहेत. कोल्ह्याच्या मागे बिळात शिरायचं, तर बरगड्या त्या बोगद्यातून जायला हव्यात. बॉर्डर टेरियरच्या स्टँडर्डमध्येही छाती खांद्यांमागे दोन्ही हातांत मावावी, अशी अट आहे.

टेपने घेर कळतो, लवचीकता मात्र हातालाच कळते. कुत्र्याच्या मागे उभं राहा. दोन्ही हात कोपरांच्या लगेच मागे छातीभोवती असे घाला की अंगठे पाठीवर येतील आणि बोटं छातीखाली. पुढचे पाय जमिनीवरून हलकेच उचला आणि छाती अलगद दाबून बघा. मध्यम आकाराच्या हातात बोटांना बोटं आणि अंगठ्याला अंगठा भिडला पाहिजे, आणि दाबल्यावर बरगड्यांनी किंचित आत जायला हवं.

छाती हातात मावत नसेल, तर कारण शोधा. चरबी असेल, तर बरगड्या मोजताना बोट रुतवावं लागतं. खाणं कमी केलं, व्यायाम वाढवला की काम झालं. बरगड्याच पिंपासारख्या गोल असतील, तर खाणं कमी करून काही होत नाही; तो दोष पिल्लांत उतरतो. शिवाय गोल छाती कोपरांना बाहेर ढकलते. कुत्रा समोरून दुडक्या चालीने येताना हे लगेच दिसतं: कोपरं फाकलेली आणि पंजे आत वळलेले. उलट छाती फारच चिंचोळी असेल, तर कोपरं अंगात घुसतात आणि पंजे बाहेर वळतात.

खांदा तपासायला तर्जनी खांद्याच्या हाडाच्या वरच्या टोकावर आणि अंगठा पुढच्या टोकावर ठेवा. दोघांमधली रेषा मागे झुकलेली हवी. खांदा उभा असेल, तर पाऊल आखूड पडतं. पाय पुढे जाण्याऐवजी वर उचलला जातो. राठ केसांच्या जातींत चांगला ग्रूमर हे सगळं केसांखाली लपवू शकतो, म्हणून शोमध्ये टेबलवर जजचे हात केसांच्या आत जातात. ब्रीडरचे हात त्याच्याही आधी गेले पाहिजेत.

जोडी ठरवताना नेहमी होणारी चूक म्हणजे एका टोकाचा दोष दुसऱ्या टोकाच्या दोषाने मिटवायला जाणं. आखूड पायांच्या मादीला फार उंच नर दिला, तर मधल्या मापाची वीत (एका वेळची पिल्लं) मिळण्याऐवजी काही पिल्लं आखूड, काही उंच निघतात. त्या बाबतीत स्टँडर्डला धरून असलेलाच नर शोधा. लाइन ब्रीडिंगचंही, म्हणजे नात्यातल्या कुत्र्यांची जोडी लावण्याचंही, गणित आधी मांडा: सख्ख्या भावंडांच्या जोडीच्या पिल्लांत इनब्रीडिंगचं प्रमाण 25 टक्के, सावत्र भावंडांच्या 12.5 आणि चुलत-मावस भावंडांच्या 6.25. पूर्वजच आपसांत नात्यातले असतील, तर खरा आकडा याहून जास्त.

आता डोळे. प्रायमरी लेन्स लक्झेशन, म्हणजे डोळ्यातलं भिंग जागचं सरकणं, हा अनेक टेरियर जातींचा आजार. तो बहुधा 3 ते 8 वर्षांच्या वयात दिसतो आणि तोवर कुत्र्याच्या दोन-तीन विती होऊन गेलेल्या असतात. म्हणून एडीएएमटीएस17 या जनुकाची डीएनए चाचणी पहिल्या वितीआधीच करायची. दोन वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले कुत्रे) एकत्र आले, तर सरासरी चारातलं एक पिल्लू बाधित जनुकांचं. वाहक आणि निर्दोष अशा जोडीत तसं पिल्लू होत नाही, पण वाहकालाही थोडा धोका असतो. त्याचे डोळे नियमित तपासून घ्या. सगळे वाहक सरसकट बाद करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आधीच लहान असलेला जनुकसाठा त्याने आणखी आटतो. गुडघ्याची वाटी सरकते का, हे वर्ष पूर्ण झाल्यावर पशुवैद्याकडून बघून घ्या. सरकत असेल, तर ब्रीडिंग नाही, मग कपाटात कितीही ट्रॉफ्या असोत.

केसांबद्दल थोडक्यात. राठ कोटाला (अंगावरच्या केसांना) कापायची मशीन लावली, की मेलेले केस मुळाशी तसेच राहतात. कोट मऊ पडतो आणि रंग फिका होतो. पिकलेले, म्हणजे मेलेले, केस थोडे थोडे, वाढीच्या दिशेने, चिमटीने उपटायचे. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरली की कुत्र्याला त्रास होत नाही. अंगाचं काम शोच्या 8 ते 12 आठवडे आधी. डोकं आणि गळा बराच उशिरा, कारण तिथे केस आखूडच हवेत. आधी आंघोळ घालू नका, केस बोटांतून निसटतात.

शोच्या रिंगमध्ये बरेच जण पट्टा वर ताणून कुत्र्याला जवळजवळ टांगूनच पळवतात. मान ताठ दिसते खरी, पण पुढच्या पायांवरचा भार सुटतो आणि चांगल्या खांद्याचा कुत्राही हवेत पाय मारत जातो. पट्टा सैल ठेवून दुडक्या चालीचा सराव पिल्लू असल्यापासून रोज पाच मिनिटं, सरळ रेषेत जाऊन-येऊन, आणि समोर कुणीतरी पाय बघायला उभं असलं तर उत्तम.