१८४ भोकं आणि एक पट्टा

ब्लाउज, पिशव्या, उशांचे अभ्रे हे सगळं मी घरीच शिवते. त्यामुळे कातड्याची पर्स म्हणजे जरा जाड कापड, एवढीच माझी समजूत होती.

कातडं आणायला धारावीत गेले. सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानात पहिलाच प्रश्न आला, "क्रोम की व्हेज?" क्रोम म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, व्हेज म्हणजे झाडपाल्यावर. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, त्याच जातीचं. ते कडक असतं, दिलेला आकार धरतं आणि कड ओली करून लाकडाने घासली की तुळतुळीत होते. क्रोमची कड कितीही घासा, ती पिंजारलेलीच राहते, वरून रंग द्यावा लागतो. मला घासूनपुसून चकचकीत करायची हौस, म्हणून व्हेज घेतलं. म्हशीचं, जाडी पावणेदोन मिलिमीटर.

दुकानदाराने गुंडाळी उलगडली. मागे पेनाने ११ लिहिलेलं आणि ११ च्या डोक्यावर बारीकसा ३. मी शाळेतला घन आठवत बसले! तो म्हणाला, "पावणेबारा फूट, ताई." वरचा आकडा म्हणजे पाव फूट किती, ते. एक म्हणजे सव्वा, दोन म्हणजे साडे. मला चार-पाच चौरस फूट पुरे होतं, पण कापून देणार नाही म्हणाला. अख्खी बाजू, म्हणजे जनावराचं अर्धं कातडं, काखोटीला मारून लोकलने घरी आणली. डब्यात शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला, तिची चूक नव्हती.

जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे नमुने काढले: पुढचा आणि मागचा भाग ११ बाय ९ इंच, मधली पट्टी ३ इंच. त्या अर्ध्या कातड्याची एक कड सरळ होती, दुसरी नागमोडी. सरळ बाजूला पुढचा-मागचा भाग बसवला आणि नागमोडी कडेच्या उरलेल्या चिंधोटीतून खांद्याचा पट्टा काढला. कपडा वाचवायची सवय, दुसरं काय. ह्या शहाणपणावर नंतर येते.

खरं काम भोकांचं. कातड्याला सुई आपणहून जात नाही, आधी भोकं पाडावी लागतात. दातेरी पंच, दात चार-चार मिलिमीटरवर, वर हातोडी. एका बाजूची शिलाई २९ इंच, म्हणजे १८४ भोकं. तेवढीच मधल्या पट्टीला, आणि हे सगळं दोनदा. दुसऱ्या दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांना वाटलं आमच्याकडे फरशी काढताहेत.

शिलाई उलट शांतपणाची निघाली. एकच दोरा, मेण चोपडलेला, दोन्ही टोकांना बोथट सुया. पर्स गुडघ्यांत धरायची आणि दोन्ही सुया समोरासमोरून एकाच भोकातून काढायच्या. दोरा शिलाईच्या चौपट लागतो. २९ इंचाला जवळजवळ दहा फूट, हात पुरेनात, म्हणून दोन तुकड्यांत शिवलं. मशीनचा टाका एक दोरा तुटला की उसवत जातो, हा तसा जात नाही.

आणि फसले ती ब्लाउज शिवणारीच. वरच्या एका टोकापासून शिवत निघाले, कोपरे वळवले, दुसऱ्या टोकाला पोचले तर पट्टीची तीन भोकं उरलेली आणि पर्स एका अंगाला कललेली. बाही लावताना मधली खूण आधी टाचतो ना आपण? इथेही तळाच्या मध्यापासून दोन्हीकडे जायचं असतं. सगळं उसवलं. पण कापडात सुईची खूण मुरते, कातड्यात भोक राहतं ते राहतंच. एका कोपऱ्यावर चुकून पडलेली दोन जादा भोकं अजून दिसतात.

पर्स तरीही देखणी झाली, हे मीच सांगते. आठवडाभर ऑफिसला मिरवली, डबा आणि पाण्याची बाटली घालून. दुसऱ्या आठवड्यात ती खांद्यावरून मांडीवर आदळायला लागली आणि पट्टा जोडणाऱ्या रिव्हेटचं, म्हणजे धातूच्या खिळ्याचं, भोक लांबुळकं झालं. स्टेशनबाहेर बसणाऱ्या मोचीकाकांकडे नेली. त्यांनी शिलाईकडे पाहिलंही नाही. पट्टा दोन बोटांत धरून जरासा ओढला.

"पोटाचं कातडं लावलंय बाई तुम्ही. हे ताणतंच. पट्टा पाठीचा काढायचा, कण्याच्या कडेचा."

म्हणजे ती सरळ कड. नशिबाने तिथली हातभर रुंद पट्टी अजून शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. काकांनी रापी दगडावर दोनदा फिरवली आणि पट्टी न आखता, फक्त बोटाचा टेकू देऊन सरळ कापली. मी घरी त्याच कामाला पट्टी, पेन्सिल, कटर आणि पाऊण तास घेतला होता. टोकाची जाडी रापीने तासून अर्धी केली, आरीने भोकं पाडली, पट्टा बसवला.

जुना पट्टा घरी आणून मोजला. कापला होता ४४ इंच, भरला साडेपंचेचाळीस.