नखाएवढ्या छत्र्या

सकाळी लॉनवर नखाएवढी तपकिरी भूछत्रं, त्यातलं एक धाकटीच्या मुठीत! आधी तिचं तोंड उघडून पाहिलं. काही नव्हतं, हुश्श.

मग देठ काढून एक टोपी पांढऱ्या कागदावर ठेवली, वर पेला पालथा घातला. संध्याकाळी खाली गडद तपकिरी बीजाणूंची नक्षी, अगदी चाकाच्या आऱ्यांसारखी. पण तेवढ्यावरून नाव सांगायचं? छे! पॅनिओलस, कोनोसायबी, गॅलेरिना, भूछत्रांच्या या सगळ्या प्रजाती बहिणी-बहिणी दिसतात. शेवटच्या दोघींच्या काही जातींत अमाटॉक्सिन असतं; यकृत निकामी करणारं, शिजवूनही न जाणारं. त्रास सुरू होतो बहुधा ६ ते २४ तासांनी, म्हणजे तोवर आपण निर्धास्त!

सगळी उपटून टाकली. धाकटी रुसलीय, बाहुलीची छत्री गेली म्हणून.