साठीनंतर विमानातून उडी: आधी पाय उचलून बघा

टँडम उडी म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन विमानातून मारायची उडी. तिचे पैसे भरायच्या आधी घरी एक गोष्ट करून बघा. पाठीला टेकू नसलेल्या स्टुलावर बसा, दोन्ही पाय गुडघ्यात सरळ करून जमिनीला समांतर उचला आणि मनात दहा आकडे मोजा. मांड्यांखाली हात घालून आधार दिला तरी चालेल. तिसऱ्या आकड्याला पाय खाली आले किंवा तुम्हीच मागे कलंडलात, तर तारीख पुढे ढकला आणि रोज हाच व्यायाम करा. मी साठी ओलांडल्यावर दुबईत पाम जुमेरा या कृत्रिम बेटाच्या किनाऱ्याला उडी मारली. त्या सगळ्या प्रकारात वयाचा खरा संबंध आला तो उतरतानाच्या शेवटच्या काही सेकंदांत.

टँडममध्ये आपल्या अंगावर पॅराशूट नसतं, फक्त हार्नेस, म्हणजे अंगावर आवळायचा पट्ट्यांचा साज असतो. दोन खांदे आणि दोन कंबरेच्या बाजू अशा चार ठिकाणी तो इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात अडकवतात. मुख्य छत्री, राखीव छत्री आणि ठरावीक उंचीखाली वेगात पडत राहिल्यास राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र, हे सगळं त्याच्या पाठीवर. आपण अक्षरशः सामान. म्हणूनच २०२३ च्या नोव्हेंबरात टेक्सासमध्ये अल ब्लाश्के नावाचे गृहस्थ १०६ व्या वर्षी उडी मारू शकले. थोरले जॉर्ज बुश यांनी २०१४ मध्ये नव्वदाव्या वाढदिवसाला अमेरिकेतल्या मेन राज्यात टँडम उडी मारली, तेव्हा त्यांना चालताही येत नव्हतं. पण ते उतरले कसे ते आठवा: जमिनीला लागताच पुढे कोलमडले. वर काही अडलं नाही, अडलं ते खाली.

डॉक्टरांकडे जाताना 'स्कायडायव्हिंगसाठी फिट' असं लिहून मागू नका. बहुतेक डॉक्टर ते लिहीत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. रक्तदाब किती आणि आटोक्यात आहे का, हृदयाच्या ताण चाचणीचा निकाल काय, कुठल्या गोळ्या चालू आहेत, एवढंच लेटरहेडवर तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह घ्या. सोबत हाडांची डेक्सा तपासणी करा. हाडांची घनता सांगणारा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर माझ्या मते हा नाद सोडावा. बुडावर आपटून उतरलं की धक्का थेट कण्यात जातो, आणि पाठ-कंबरेच्या सांध्यावरचा ठिसूळ मणका चेपतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर ते आधी सांगा, मांडीच्या पट्ट्यांनी काळेनिळे वळ उठतात. खांदा निखळण्याची सवय असेल तर स्पष्ट नकारच. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो विरेपर्यंत विमानाचं नावही काढू नका. उंचीवर तो फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढवतो.

वजनाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ९० ते १०० किलोंच्या आसपास असते आणि तिथेच काट्यावर उभं करतात. वयावरून परत पाठवलेल्यांपेक्षा काट्यावरून परत गेलेले जास्त असावेत, असा माझा अंदाज. प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेत का, तेही त्याच आठवड्यात वाचून घ्या.

उडीच्या दिवशी उपाशी जाऊ नका. वारा वाढला की दोन-तीन तास सहज थांबावं लागतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी बसलेला माणूस चक्कर येऊन पडतो आणि मग नाव वयाचं होतं. रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. लघवीला लावणारी गोळी असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण हार्नेस चढल्यावर बाथरूमला जाणं हा एक सोहळा असतो. काढता येणारी कवळी आणि कानाचं यंत्र खाली ठेवा; यंत्र काढलंय हे इन्स्ट्रक्टरला सांगा, म्हणजे तो खांद्यावर थाप मारून खूण करेल. चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मागितला की मिळतो. पट्टीने बसणारे बूट, सैल पँट. शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये पट्टायाला नऊवारीत उडी मारली होती, पण त्या कसलेल्या स्कायडायव्हर. आपल्याला ट्रॅकपँटच बरी.

हार्नेस घालताना लाजू नका. वयाने मांड्या-नितंब सुकलेले असतात, त्यामुळे उभ्याने घट्ट वाटलेला पट्टा बसल्यावर ढिला पडतो. कॅलिफोर्नियात ऐंशीव्या वाढदिवसाची उडी मारणाऱ्या एक बाई दारात बिचकल्या, दाराला धरून बसल्या आणि नंतर हवेत हार्नेसमधून जवळजवळ निसटल्या. सुदैवाने वाचल्या. तेव्हा खाली वाकून, बसून पट्टे पुन्हा ओढून घ्या, आणि दारात कशालाही हात लावू नका.

ट्विन ऑटर विमान १३,००० फुटांवर जायला पंधरा-वीस मिनिटं घेतं. वर हवेचा दाब, आणि त्याबरोबर ऑक्सिजन, समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो. निरोगी माणसाला थोडा वेळ हे चालतं. फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्याला दम लागतो. खालच्यापेक्षा पंचवीसेक अंशांनी गारही असतं. बाकावरून दारापर्यंत घसरत जाताना गुडघे कुरकुरतात, त्याची घाई करू नका, इन्स्ट्रक्टर ढकलत नेतो.

दारात मान मागे, कंबर पुढे, टाचा मागे दुमडलेल्या: धनुष्यासारखा बाक. पाळण्यात होतं तसं पोटात गोळा येणं इथे फारसं होत नाही, कारण विमानाच्या वेगाचा वारा बाहेर पडताच अंगाला टेकतो. काही सेकंदांत छोटी ड्रोग छत्री सुटते, नाहीतर दोन माणसांच्या वजनाने वेग फारच वाढेल. ताशी १९०-२०० किलोमीटर, पन्नासेक सेकंद. तेवढ्यात कानावरचा दाब एक तृतीयांशाने वाढतो. सर्दी असेल तर उडी रद्द करा, कान ठणकत राहील. सर्दी नसली तरी छत्री उघडल्यावर आवंढे गिळा.

५,५०० फुटांच्या आसपास मुख्य छत्री उघडते आणि मानेला झटका बसतो. हनुवटी आधीपासून वर ठेवलेली असेल तर निभावतं. मग इन्स्ट्रक्टर कंबरेचे जोड थोडे सैल करतो, मांड्यांवरचा भार हलका होतो. गिरक्या नको असतील तर विमानात बसायच्या आधीच सांगा. साठीनंतर पोट जास्त करून इथेच ढवळतं.

आता उतरणं. साधारण हजार फुटांवर 'पाय वर' याची तालीम होते. गुडघ्यांमागे पँट मुठीत धरून पाय पुढे उचलायचे, बोटं आकाशाकडे. पाय लोंबत राहिले तर ते दोघांच्या आधी जमिनीला लागतात आणि मागून दोन माणसांचं वजन घोट्यावर येतं. नडगी मोडते ती अशी.

लोकांना वाटतं वारा पडलेला असला की उतरणं सोपं. उलट आहे. छत्री समोरच्या वाऱ्यात उतरवतात आणि तो वारा तिचा पुढचा वेग खातो. मध्यम, एकसारखा वारा असेल तर इन्स्ट्रक्टर छत्रीच्या दोन्ही ब्रेकच्या दोऱ्या ओढतो आणि आपण जवळजवळ उभ्याने थांबतो. वारा शून्य असेल तर गवतावरून बुडावर घसरत जावं लागतं. दुबईत सकाळी हवा बऱ्याचदा पडलेली असते आणि दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून मी अगदी पहिली फेरी मागितली नाही. हा सल्ला इन्स्ट्रक्टरला विचारूनच वापरा, दुपारचा वारा कधी जादाही होतो.

संध्याकाळी मांड्यांवर वळ दिसतात, कानाला सकाळपर्यंत दडे बसतात. दोन्ही चालण्यासारखं. पायात मुंग्या किंवा कंबरेत ठणका राहिला तर मात्र एक्स-रे काढा.

एकट्याने उडी शिकायची असेल तर गणित वेगळं. तिथे छत्री आपणच उघडायची, बिघडलेली छत्री ओळखून सोडून द्यायची आणि उतरायचंही आपणच. अमेरिकेत पहिल्या परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. चाळिशीनंतरच्यांची पॉप्स ही संघटना आहे आणि साठी, सत्तरी, ऐंशीसाठीही तिचे गट आहेत, पण त्यातले बरेच जण तरुणपणापासून उडत आलेले. साठीत नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यांच्याशी तुलना करू नये.

स्टुलावरची परीक्षा जमलीच नाही तर दुबईत मिर्दिफला किंवा अबुधाबीत यास बेटावर उभ्या वाऱ्याचा बोगदा आहे, म्हणजे खालून वर येणाऱ्या वाऱ्यावर तरंगायची जागा. एक-दोन मिनिटं तसाच वारा, तसाच बाक, उंची नाही आणि उतरणंही नाही. खांदा निखळत असेल तर तिथेही जाऊ नका.